पंपावरच्या मामांचा कान

"किल्ली फिरवू नका. अजून काही बिघडलेलं नाही."

आमच्या पेट्रोल पंपावर गाड्यांत तेल भरणाऱ्या मामांचं हे वाक्य. दिवसातून एकदा तरी ते त्यांच्या तोंडून निघायचंच, मग निमित्त गाडीचं असो नाहीतर माणसाचं. दोन भाऊ पंपाच्या आवारात हमरीतुमरीवर आले, तर मामा मधे उभे राहून हेच म्हणायचे. एकदा माझी बायको रागाच्या भरात माहेरी निघाली, तेव्हा मी तोंड पाडून त्यांच्याकडे गेलो होतो. मामांनी हातातलं काम न सोडता विचारलं, "गाडीत बसली का?"

"नाही अजून. पिशवी भरतेय."

"मग इथे काय करतोस? पळ. किल्ली फिरलेली नाही अजून."

मी पळालो. पिशवी उंबऱ्यापर्यंतच आली होती.

मूळ गोष्ट मात्र गाडीचीच. डिझेलच्या गाडीत कोणी पेट्रोल भरलं, की माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे गाडी चालू करून बघतो. तिथेच सगळा घात होतो. मामा समजावून सांगायचे, "टाकीत पडलंय तोवर ते ओसरीवरच्या पाहुण्यासारखं आहे. बसलंय नुसतं. तुम्ही किल्ली फिरवली की ते घरात शिरलं." डिझेल अंगाने तेलकट. इंजिनाकडे जाता जाता ते गाडीच्याच आतल्या पंपाला वंगण घालत जातं. पेट्रोल कोरडं. ते असलेलं वंगणही धुऊन नेतं, आणि मग लोखंड लोखंडावर घासायला लागतं. किल्ली फिरली नसेल तर टाकी रिकामी केली की भागलं. फिरली असेल, तर नळ्या धुवा, फिल्टर बदला, आणि तरीही आत काय झालं असेल ते देव जाणे.

माझं टायरचं दुकान पंपाला लागूनच. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, हवेचं यंत्र, पंक्चर बघायची पाण्याची टाकी आणि जुन्या टायरांची चळत. तिथून मामांची जागा बारा पावलांवर. मला ते 'टायर' म्हणायचे. धंद्यावरून नव्हे, माझ्या पोटाकडे बघून. वीस वर्षं मी त्या माणसाला रोज पाहिलं, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं तर कानापासूनच सुरुवात करावी लागते.

असा कान मी दुसरा पाहिला नाही. गाडी रस्त्यावरून वळून आत यायची, आणि मामा पाठ करून उभे असले तरी त्यांचा हात बरोबर त्या नळीकडे जायचा. डिझेलच्या गाडीचा आवाज दाणे भरडल्यासारखा, पेट्रोलच्या गाडीचा सुपातून पाखडल्यासारखा, असं ते म्हणायचे. एवढं तर मलाही कळतं. पण मामांना त्यापलीकडचं कळायचं. एकदा एक ट्रकवाला डिझेल भरून निघाला, तसं मामांनी हात आडवा केला. "अहो पाहुणे, तुमचा तिसरा सिलिंडर रुसलाय." तो हसला आणि गेला. संध्याकाळी दोरीने ओढत त्याचा ट्रक परत आला. मामा त्याला चकार शब्द बोलले नाहीत. पाणी पाजलं आणि माझ्याकडे बघून फक्त तीन बोटं वर केली.

त्या कानापायी आमच्या पंपावर एक रीतच पडली होती. नेहमीच्या गिऱ्हाइकाने मामांना पेट्रोल की डिझेल हे सांगायचं नाही. कोणी चुकून बोललाच, तर मामा नळी हातात तशीच धरून म्हणायचे, "मी विचारलं का?" लोकांनाही त्यात मजा वाटायची. नवी गाडी घेतली की ती पहिल्यांदा मामांकडे आणायची, काही बोलायचं नाही, आणि मामा काय सांगतात ते ऐकायचं. नव्या सुनेला थोरल्यांसमोर आणावं तसं.

मग कान जायला लागला.

मला कळलं ते असं. दोन वर्षांपूर्वी दुपारी एका ट्रकच्या टायरमध्ये मी हवा भरत होतो आणि तो फुटला. माझा अंगठा थोडक्यात वाचला. आवाज असा, की समोरच्या झाडावरची पाखरं उडाली, ऑफिसातून मालक धावत बाहेर आले, रस्त्यावरच्या दोन गाड्या थांबल्या. मामा माझ्याकडे पाठ करून गाडीची काच पुसत होते. ते वळले नाहीत. त्यांचा हातसुद्धा थांबला नाही. काच पुसून झाल्यावर त्यांनी लोकांची तोंडं पाहिली, त्या तोंडांच्या रोखाने माझ्याकडे पाहिलं, आणि मग दचकल्यासारखं केलं.

ते दचकणं माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

त्यानंतर मी बघत राहिलो. कान गेला, तशी डोळ्यांनी कानाची सोंगं काढायला सुरुवात केली. नेहमीच्या गाड्या ते रंगावरून, पोच्यावरून, आरशाला बांधलेल्या फडक्यावरून ओळखत. नवी गाडी आली तर मागे जाऊन धूर बघत, टाकीच्या झाकणावरची इंधनाची चिठ्ठी वाचत, आणि मग आवाजावरूनच ओळखल्यासारखी मान हलवत. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत. लोक म्हणायचे, मामा अलीकडे फार लक्ष देऊन ऐकतात.

मामी दुपारचा डबा घेऊन यायच्या. त्या आता मामांच्या अगदी समोर उभ्या राहून बोलायच्या. एकदा मामा एका गाडीत डिझेल भरत असताना त्या माझ्या दुकानाशी थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्हाला कळलंय ना?"

मी मान हलवली.

"घरात मी हाक मारणं सोडलंय," त्या म्हणाल्या. "मारली आणि ते वळले नाहीत, तर त्यांना नाही, मलाच कसंतरी होतं. जाऊन खांद्याला हात लावते. त्यांना वाटतं, म्हातारपणी बायकोला प्रेम आलंय." त्या हसल्या. मग पदराने डबा पुसत म्हणाल्या, "तेवढं एकच आहे हो त्यांच्याजवळ. तुम्ही कुठे बोलू नका."

मी बोललो नाही. फक्त एकदा, मामा माझ्याकडे चहा प्यायला बसले असताना, धीर करून म्हणालो, "मामा, एकदा कान दाखवून घ्या."

त्यांनी माझ्या ओठांकडे बराच वेळ पाहिलं. "टायर, हवा टायरात भर. माझ्या कानात भरू नकोस." आणि असे खळखळून हसले, की मीही हसलो. हसायला नको होतं.

आता त्या दिवसाचं सांगतो.

आमच्या इथे औषधांचं दुकान चालवणाऱ्या एक बाई आहेत. नवरा गेल्यापासून एकट्याच सगळं बघतात. त्यांची पांढरी गाडी पेट्रोलची, सात वर्षं दर आठवड्याला मामांकडेच यायची. त्यांनी पलीकडच्या गावी दुसरं दुकान काढलं, येणंजाणं वाढलं, म्हणून जुनी गाडी देऊन त्यांनी डिझेलची घेतली. कोणाची तरी वापरलेली. दिसायला गाडी तीच, बनावट तीच, पांढरी म्हणजे तीच पांढरी. त्या आधी माझ्याकडे हवा बघायला थांबल्या. मी म्हणालो, "बाई, गाडी धुतली वाटतं."

त्या तोंडावर हात धरून हसल्या. "तुम्हीही फसलात! अहो, ही दुसरी आहे. डिझेलची. मामांना सांगू नका हं. बघू ओळखतात का."

मी तोंड उघडलं होतं. पण काय सांगणार? मामांना ऐकू येत नाही, हे सांगायचं? मामींना शब्द दिलेला. मनात म्हटलं, झाकणावर लिहिलेलं असेलच, मामा वाचतील. मी चाकाकडे खाली वाकलो आणि हवा भरली. पुढचं सगळं मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

बाई पंपाशी गेल्या आणि मुद्दाम इंजिन चालू ठेवून बसल्या. गाडी दाणे भरडत होती. बारा पावलांवर मला ऐकू येत होतं. मामांनी पांढरी गाडी पाहिली, बाईंना पाहिलं, आणि ओळखीचं हसले. हाताने खूण केली, बंद करा. बाईंनी बंद केली.

"नेहमीसारखी भरून टाकू ना?" मामांनी विचारलं.

"ते तुम्हीच जाणा," बाई म्हणाल्या, आणि हसू दाबायला पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

झाकणावरची चिठ्ठी आधीच्या मालकाच्या हातून कधीच निघून गेली होती. आणि पेट्रोलची नळी असते बारीक. डिझेलची जाड नळी पेट्रोलच्या टाकीत शिरत नाही, पण बारीक नळी डिझेलच्या टाकीत सरळ उतरते. ती उतरली. मी उभा राहिलो. माझ्या हातात हवेची नळी होती आणि ती फुसफुसत होती. मी ओरडलो, "मामा!" दोनदा ओरडलो. वाटेत दोन मोटारसायकली आणि एक ट्रक. त्यांना वळसा घालून मी जाईपर्यंत टाकी भरली होती.

मामा टाकीचं तोंड अंगठ्याने पुसत होते. ही त्यांची सवय. पेट्रोलचा थेंब अंगठ्यावर क्षणात उडून जातो. हा उडाला नाही. मामांनी अंगठा बोटावर घासला. परत घासला. टाकीच्या तोंडाशी आधीच्या डिझेलचा ओशटपणा होता, तो बोटांवर सरकत राहिला. त्यांनी बोटं नाकाशी नेली, आणि तो रापलेला चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला.

मग ते पुढच्या काचेकडे धावले. साठीच्या पुढचा माणूस, धावताना पायातली चप्पल मागे राहिली. दोन्ही हात वर करून ते म्हणाले, "बाई, किल्ली फिरवू नका! माझी चूक झाली. पण घाबरू नका. किल्ली फिरवू नका, अजून काही बिघडलेलं नाही."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मी बघत राहिलो. मोटारसायकलवाले बघत राहिले.

गाडी चालू होती.

नळी बाहेर निघताच बाईंनी ती चालू केली होती. निदान आता तरी मामांनी आवाज ओळखावा म्हणून. आरशातून त्या मामांकडे बघत होत्या, ते काय म्हणतात याची वाट बघत. इंजिन सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं धडधडत होतं आणि मामा त्याच्यासमोर उभे राहून, समजूत घालणाऱ्या आवाजात सांगत होते, "बंद आहे ना? मग झालं तर. बंद आहे तोवर काळजी नाही."

"मामा," बाई हळूच म्हणाल्या, "चालू आहे."

त्यांना ते कळलं नाही. आधाराला म्हणून त्यांनी हात बॉनेटवर ठेवला. आणि तो हात तिथेच राहिला. हाताखालचा पत्रा थरथरत होता. नळ्यांतलं जुनं डिझेल संपून पेट्रोल पोचलं असावं, कारण तेवढ्यात इंजिन दोनदा अडखळलं, ठसकलं आणि बंद पडलं. मामांनी ते हातानेच ओळखलं. मोटारसायकलवाल्यांपैकी एकजण फिसकन हसला. दुसऱ्याने त्याच्या मांडीवर चापट मारली.

"मला वाटलं, तुम्ही गंमत करताय," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मामा, मीच सांगायला हवं होतं."

मामांनी त्यांचे ओठ वाचले. "तुम्ही कसं सांगाल? सांगायचं नाही, ही रीत मीच पाडली."

गाडी आम्ही ढकलत माझ्या दुकानापुढे आणली. मामांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. "हे मी करणार," ते म्हणाले. कोणी नको म्हटलं नाही. टाकीची खालची नळी सोडून त्यांनी सगळं तेल डब्यांत उतरवून घेतलं. मी सायकल काढून नवा फिल्टर आणला. माझ्या यंत्राच्या हवेने आम्ही एकेक नळी फुंकून काढली. मामांची बोटं सगळीकडे फिरत होती, एखाद्या आजारी लेकराच्या अंगावरून फिरावीत तशी. नवं डिझेल ओतलं. फिल्टरवर एक छोटा हातपंप असतो, तो दाबून नळ्यांतली हवा काढावी लागते. तो कडक लागेपर्यंत मामा दाबत राहिले. उन्हं कलली होती. बाई टायरांच्या चळतीवर बसून होत्या. त्यांचं दुकान उघडायचं राहिलं, पण त्या उठल्या नाहीत.

"फिरवा आता," मामा म्हणाले.

पहिल्यांदा नाही लागली. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा खाकरली आणि चालू झाली. मामांनी बॉनेटवर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"टायर, कसं वाजतंय? सांग मला."

वीस वर्षांत त्या माणसाने मला कधी माझं मत विचारलं नव्हतं. मला काय सांगता येणार? माझ्यासाठी आवाज म्हणजे आवाज. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि तोंड मोठं उघडून म्हणालो, "भरडतंय."

"एकसारखं? की मधे दाणा चुकतोय?"

मी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गाडी तशी ऐकली. "आधी चुकत होतं. आता नाही."

"खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको."

"खरंच एकसारखं आहे, मामा."

"कोरडं घासल्यासारखं? किणकिण?"

"नाही."

मामांनी मान हलवली. हात बॉनेटवरून काढून फडक्याला पुसले, खूप वेळ पुसले. मग बाईंना म्हणाले, "वाचली. जास्त फिरली नव्हती. आठ दिवस जपून चालवा."

मालक ऑफिसाच्या दारात उभे होते. चाळिशीचा माणूस, मनाने वाईट नाही. लहानपणी मामांच्या खांद्यावर बसून त्यांनी रस्त्यावरचे ट्रक मोजले आहेत. ते पुढे आले आणि मामांच्या समोर, मामी उभ्या राहायच्या तसे उभे राहिले. म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

"कधीपासून, मामा?"

"तीन वर्षं." मामांनी लपवलं नाही. मला दोनच ठाऊक होती. "एक आधी गेला. दुसरा हळूहळू."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर नळी हातात ठेवली असतीस?"

मालकांनी पंपाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पेट्रोलची जागा आहे, मामा. उद्या मागून कोणी आग म्हणून ओरडलं, तर? मला झोप लागणार नाही. तुम्ही ऑफिसात बसा. खुर्ची आहे, पंखा आहे. कुठे जाऊ नका."

"ऑफिसात बसून काय करू? पंखा ऐकत बसू?"

कोणी हसलं नाही. मामांनाच ते जाणवलं. त्यांनी मालकांच्या गालाला हात लावला. "तुझं बरोबर आहे, पोरा. मी तुझ्या जागी असतो तर सकाळीच हाकललं असतं." मग पंपाशी जाऊन खिशातलं फडकं काढून नळीच्या मुठीवरून एकदा फिरवलं, ते तिथेच अडकवून ठेवलं, आणि राहिलेली चप्पल शोधायला लागले. ती बाईंनी उचलून आणली. मामांना ते आवडलं नाही. पण त्यांनी ती घातली.

"सोडू का घरी?" बाईंनी समोर येऊन विचारलं.

"नको. पाय चांगले आहेत अजून."

ते चालत निघाले. घर मैलभर लांब, आणि वाट हमरस्त्याच्या कडेकडेने. दिवे लावायची वेळ होत आली होती. मामा जात होते आणि ट्रक पाठीमागून येत होते. एकाने लांबलचक हॉर्न दिला. मामांची पाठ तशीच राहिली. ट्रक त्यांच्या बाहीला वारा लावून गेला, तेव्हा कुठे ते कडेला सरकले. माझ्या तोंडातून हाक निघाली. तिचा काय उपयोग, हे मलाच ठाऊक होतं, तरी निघाली.

बाई गाडीत बसल्या आणि रस्त्याला लागल्या. मामांच्या मागे वीसेक पावलांवर जाऊन त्यांनी गाडी एकदम हळू केली आणि दोन्ही बाजूंचे पिवळे दिवे लुकलुकत ठेवले. माणूस चालेल त्या चालीने गाडी मागून जात राहिली. ट्रक यायचे, चिडून हॉर्न द्यायचे, आणि गाडीला वळसा घालून मामांपासून लांबून जायचे.

मामांनी एकदाही मागे पाहिलं नाही. आपल्या मागे कोणी आहे, हे त्यांना कळलंच नसावं. मी आणि मालक रस्त्याच्या तोंडाशी उभे होतो. वळणापाशी आधी मामा दिसेनासे झाले, मग ते दिवे.